उतारावरची सदाफुली

कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि जो ठेवेल त्याची मला काळजीच वाटेल, पण आमच्या उतारावरच्या सदाफुलीनं एकदा पोस्टमनची सायकल खाल्ली. घंटीसकट.

हे मी पुतणीला ऐकवलं तेव्हा ती हातात जागेचा नकाशा धरून उभी होती आणि तिच्यामागे मिस्त्री खुंट्यांची पिशवी खांद्याला लावून उभा होता. वर माझं घर, खाली तिच्या बापाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, मधे वीस पावलांचा उतार आणि उतारभर सदाफुली. भावाला जाऊन आठ महिने झाले होते. पुतणी आता बदली घेऊन खालच्या घरात राहायला येणार होती, आणि येण्याआधी तिला मधे भिंत हवी होती. वेल उपटायची, पाया खणायचा आणि माझ्या छातीला लागेल एवढी उंच भिंत घालायची, असं ठरवूनच ती आली होती.

मला ती भिंत नको होती. का नको, ते सरळ सांगण्याची धमक नव्हती. म्हणून मी गोष्ट सुरू केली. जन्मभर हाच धंदा केलाय. बागकाम पोटासाठी आणि थापा जिवासाठी.

“काका, खाल्ली म्हणजे?” ती म्हणाली.

“खाल्ली म्हणजे खाल्ली. पोस्टमन तुझ्या आईशी बोलत उभा राहिला. म्हणजे बोलत तो होता, ती आपली ऐकत होती, म्हणून वेळ लागला. सायकल इथे आडवी टाकलेली. वळून बघतो तर नुसतं एक हँडल दिसतंय. हा इकडून ओढतोय, वेल तिकडून ओढतेय. शेवटी त्यानं नाद सोडला. सहा महिने पायी टपाल वाटलं. पोट उतरलं, दम लागायचा थांबला, आणि त्याची बायको मला मुद्दाम भेटून धन्यवाद देऊन गेली.”

मिस्त्रीनं पिशवी खाली ठेवली. “आणि घंटी, आजोबा?”

“वारा सुटला की वाजते. आज वारा नाही.”

मिस्त्री पोट धरून हसला. पुतणीनं एक भुवई वर केली. ही भुवई तिनं बापाकडून घेतलेली. त्या एका भुवईखाली मी साठ वर्षं खोटं बोललो आहे.

“चहा टाकते,” ती म्हणाली. “चहा होऊन पिऊन होईपर्यंत काय सांगायचं ते सांगा. मग मिस्त्रींना काम करू द्या.”

म्हणजे माझ्याकडे एका चहाचा वेळ होता. खालच्या घराच्या मागच्या पायरीवर आम्ही बसलो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, त्यामुळे ती आतूनही ऐकत होती. समोर उतार. माझं घर तिथून फार लहान दिसतं. इतक्या वर्षांनी खालून वर बघत होतो.

सदाफुली म्हटलं की लोकांना कुंडीतली आठवते, उभ्या दांड्याची, गुलाबी फुलांची. ही ती नव्हे. ही तिची आळशी बहीण. वीतभरही उठत नाही, पालथी पडून जमिनीवर सरपटते. बारा महिने हिरवीगार, पानं तेल चोपडल्यासारखी, फुलं निळसर जांभळी. सावलीत येते, उताराची माती धरून ठेवते, तणाला पाय टेकू देत नाही. मी चाळीस वर्षं लोकांच्या बागा केल्या. जिथे दुसरं काही येत नसे तिथे ही लावून द्यायचो आणि पुढच्या कामाला जायचो. तिची खोड एकच. वेलीचं पेर मातीला टेकलं की तिथे मूळ फुटतं, आणि मुळापासून पुन्हा नवी वेल. तिला थांब म्हणणारं कोणीतरी लागतं.

“इथे लावली कोणी?” मिस्त्रीनं विचारलं.

“आम्हीच, दोघा भावांनी. घरं नवी होती. हिचा बाप मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा. माणूस असा, की पोळीसुद्धा कंपास लावून खाईल. मी त्याला फूटपट्टी म्हणायचो, तो मला थापाड्या. त्यालाही भिंतच हवी होती. मी म्हटलं, दादा, भावाभावांत भिंत कसली? वेल लावू. बारा रोपं, दीड दीड फुटावर. लावा आणि विसरा.”

लावा आणि विसरा. हे मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायचो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप हीच, पण तिच्यात सायकल नव्हती म्हणून कोणी पकडली नाही.

“बाबा काय म्हणाले?” आतून आवाज आला.

“म्हणाला, ‘मला विसरता येत नाही.’ आणि दोरी आणली.”

ते मात्र खरं. वर्षातून एकदा, फुलांचा भर ओसरला की एका रविवारी दादा हद्दीवर दोरी ताणायचा आणि फावड्याच्या पात्यानं वेलीची कड सरळ कापायचा. खालची कड त्यानं कापायची, वरची मी. त्याची कड अशी असायची की तिच्यावर लोकरीचा गुंडा सोडला तर सरळ शेवटापर्यंत जाईल. माझी कड गाय चरून गेल्यासारखी. कापलेल्या वेली तो मोजून गोळा करायचा, पत्र्यावर पसरून उन्हात कडकडीत वाळवायचा. मी विचारायचो, एवढा कशाला जीव काढतोस? तो म्हणायचा, “पेराला जीव असतो. ओलं टाकलं की रुजतं. तू माळी ना रे?”

माळी मी, आणि धडे त्याचे.

मिस्त्रीला अशा खऱ्या गोष्टीत रस नव्हता. म्हणून मी पाण्याची नळी फोडली. म्हणजे नळी खरोखरच फुटली होती एकदा, वरच्या रस्त्याखालची, मोठी. रात्रभर पाणी उतारावरून वाहिलं. सकाळी माती जागची हलली नव्हती, कारण वेलीच्या मुळांनी ती धरून ठेवली होती. एवढीच घटना. पण एवढ्याशा घटनेवर कोणाचं पोट भरतं?

“माझं अख्खं घर चार बोटं खाली सरकलं,” मी म्हणालो. “मी आत झोपलेलो. पलंग भिंतीला लागला म्हणून जाग आली. बाहेर येऊन बघतो तर सदाफुलीनं पायाला विळखा घातलेला आणि घर परत वर खेचतेय. हळूहळू, इंच इंच. मी तिला जोर दिला.”

“जोर कसला दिला?”

“तोंडानं. ‘हां, अजून थोडं, हां.’ घर जागेवर आलं. आणि गंमत बघा मिस्त्री, आधी आमचं पुढचं दार दर वेळी अडकायचं. त्या दिवसापासून लोण्यासारखं लागतं.”

“मग माझं काय काम इथे?” मिस्त्री म्हणाला. “ताई, भिंत घालूच नका. वेलीलाच सांगा, दोन खोल्या वाढवून दे.”

आत चमचा वाजायचा थांबला. ती हसली असावी असं मला वाटलं. एवढ्यावर मी चढलो. थापाड्या माणसाला एक हसू पुरतं, मग त्याला पायरी दिसत नाही.

ती तीन कप घेऊन बाहेर आली. मिस्त्रीला दिला, मला दिला, स्वतःचा हातात घेऊन पायरीवर बसली.

“आणि आईचा वाफा?” तिनं विचारलं. “त्याची गोष्ट नाही सांगितलीत.”

मी कपात बघितलं.

उताराच्या पायथ्याशी, जिथे ऊन पोचतं, तिथे वहिनीचा निशिगंधाचा वाफा होता. कंद तिनं लग्नात माहेरहून आणलेले, टोपलीत, साड्यांच्या खाली लपवून, कारण सासरी माती घेऊन येते म्हणून कोणी हसेल. ती गेल्यावर दादानं तो वाफा सांभाळला. दुसरं काही त्याला करता येत नव्हतं. स्वयंपाक करपायचा, शर्टाची बटणं तुटलेली, पण वाफ्यात गवताची काडी नसायची.

“ती गोष्ट तुला माहीत आहे,” मी म्हणालो.

“माहीत आहे. तुमचीच गोष्ट. सदाफुली निशिगंधाच्या प्रेमात पडली, मिठी मारायला गेली आणि जरा जोरात मारली. गावभर सांगितलीत. बाबांनी कुठे ऐकली ठाऊक आहे का?”

मी मान हलवली. ठाऊक होतं.

“न्हाव्याच्या दुकानात,” ती मिस्त्रीला म्हणाली, कारण माझ्याशी बोलणं तिला जड जात असावं. “बाबा खुर्चीत, तोंडाला फेस. मागे बाकावर दोघं तिघं तीच गोष्ट सांगून हसताहेत. बाबा तसेच उठले. अर्धी दाढी केलेली, अर्ध्यावर फेस. तसे रस्त्यानं घरी आले. त्यांनी, ज्यांना शर्टाची कॉलर वाकडी चालायची नाही.”

मिस्त्री चहात फुंकर मारत राहिला. चहा केव्हाच गार झाला होता.

“गोष्टीत नाही, तसं सांगा,” ती म्हणाली. “वाफ्याचं नक्की काय झालं?”

का कोण जाणे, सांगितलं. कदाचित त्या पायरीवर बसलो होतो म्हणून. दादाच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, आणि तेव्हा तो हिच्याकडे चार महिने जाऊन राहिला. जाताना मला म्हणाला, वाफा बघ. एवढंच. दुसऱ्या माळ्याला दहा सूचना दिल्या असत्या. मला दोन शब्द, कारण मी भाऊ. पहिला महिना मी रोज खाली उतरलो. मग एक दिवसाआड. मग उन्हाळा तापला, तण माजलं, पाणी घालायला कंटाळा आला. त्याच आठवड्यात मी माझ्या बाजूची सदाफुली कापली होती. ओल्या वेलींचा हा एवढा ढीग. डोक्यात आलं, याच वाफ्यावर अंथरू. माती झाकली जाईल, ओल टिकेल, तण मरेल आणि मला रोज यायला नको. चार बोटं जाड थर दिला. वाळून जाईल असं म्हटलं.

“पण पेराला जीव असतो,” ती म्हणाली. बापाच्याच आवाजात.

“मला माहीत होतं गं. चाळीस वर्षं दुसऱ्यांना सांगत होतो. माहीत असून टाकलं. पुढचे दोन महिने इकडे फिरकलो नाही. वरून बघायचो, हिरवंगार दिसायचं. म्हटलं, छान चाललंय.”

दादा परत आला तेव्हा वाफा उरला नव्हता. निळी फुलं आलेली सदाफुली होती. हातानं माती उकरून त्यानं कंद शोधले. जे सापडले ते बोटांत घेतले की पिचायचे, सडलेले. मी वरून बघत होतो. खाली जायला हवं होतं. त्याऐवजी संध्याकाळी चौकात गेलो, कोणीतरी विचारलं, काय मग बाग काय म्हणते, आणि माझ्या तोंडून ती मिठीची गोष्ट बाहेर पडली. लोक हसले. लोक हसले की मला वाटतं, काही फारसं बिघडलेलं नाही.

त्यानंतर दादा माझ्याशी नऊ वर्षं बोलला नाही. भांडला नाही, ओरडला नाही. त्या वर्षीच्या रविवारी दोरी लावून त्यानं आपली कड कापली, माझ्याकडे न बघता. पुढच्या वर्षी कापली नाही. मग वेलीला थांब म्हणणारं कोणीच राहिलं नाही.

पुतणीनं कप हातात फिरवला. मग म्हणाली, “हे तुम्ही कधी बाबांना सांगितलंत? हे, आत्ता सांगितलंत असं?”

मिस्त्री उठला, खुंट्यांची पिशवी जरा लांब सरकवून पुन्हा बसला. त्याला वाटलं असावं, काम बहुधा गेलं.

“एक विचारते,” ती म्हणाली. “सायकल, घर, सगळं चालतं मला. लहानपणापासून तुमच्या थापांवर जेवले मी, बाबा उठून गेले तरी मी बसून ऐकायचे. पण ही एक गोष्ट खरी सांगा. बाबा जायच्या आधी तुम्ही त्यांना भेटायला आलात का? आलात की नाही, जे असेल ते. खरं सांगितलंत, तर भिंतीचं मी पुन्हा बघेन.”

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. पण एका शब्दाची गोष्ट मला कधी सांगताच आली नाही.

नऊ वर्षं मी संध्याकाळी वरच्या अंगणात उभा राहायचो. खालच्या खिडकीत दिवा लागायचा. मी उतारावर चार पाच पावलं उतरायचो आणि थांबायचो. म्हणायचं काय? दादा, चुकलं, एवढंच म्हणून चालेल का? त्याच्यासारख्या माणसाला काहीतरी नेमकं हवं, मापात बसणारं. मी शब्द शोधत राहिलो. जगभरच्या गोष्टी जमल्या, ते एक वाक्य जमलं नाही. दादा आजारी आहे असं लोक सांगायचे, एक बाई दिवसभर त्याच्याजवळ असते असं कळलं, शेवटी पुतणी आली हेही कळलं. म्हटलं, आता गर्दी आहे, जरा निवांत जाऊ. मग एका सकाळी खाली अंगणात चपला दिसल्या, पुष्कळ जोड.

“आलो ना,” मी म्हणालो.

माझं मलाच ऐकू आलं. पण थांबता आलं नाही.

“तू यायच्या आदल्या दिवशी. दुपारची वेळ. ती बाई औषध आणायला गेलेली. मी उतारावरून आलो, याच दारानं. दार नुसतं लोटलेलं होतं. दादा खाटेवर, दोन उशांना टेकून. मी म्हटलं, दादा, वाफा मी मारला. वेलीनं नाही. त्यानं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, ‘उभा का? बस.’ मी बसलो. त्यानं माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, ‘पायाची माती पुसून यायचं ना, फरशी बघ.’ शेवटपर्यंत फूटपट्टी. मला हसू आलं, मग त्यालाही आलं. एवढंच. जास्त बोललो नाही. उठताना त्यानं माझं मनगट धरलं होतं, थोडा वेळ.”

मी फार सांगितलं नाही. एकही घर सरकलं नाही, कोणाचं काही वेलीनं गिळलं नाही. माझ्या सगळ्या गोष्टींत एवढी साधी गोष्ट मी कधी सांगितली नसेन. सांगता सांगता मनगटावर खरंच काहीतरी लागल्यासारखं वाटलं. मिस्त्रीनं बाहीनं नाक पुसलं आणि म्हणाला, “चला, बरं झालं. वेळेवर गेलात, आजोबा.”

पुतणीनं कप पायरीवर ठेवला. उठली. नकाशा पुन्हा उलगडला.

“मिस्त्री,” ती म्हणाली, “खुंट्या ठोकायला घ्या.”

“अगं पण…” मी म्हणालो.

“काका, शेवटचा सगळा महिना बाबांना दिसत नव्हतं. दोन्ही डोळे गेले होते. तुम्हाला कोणी सांगितलं नाही, कारण तुम्ही विचारायला आला नाहीत. पायाची माती त्यांना कुठून दिसणार?” तिचा आवाज चढला नव्हता, पण मिस्त्री हातातली खुंटी घेऊन तसाच उभा राहिला. “मी आले त्या दिवसापासून सहा दिवस, दारात कोणाचंही पाऊल वाजलं की ते मान वळवायचे आणि विचारायचे, ‘धाकटा का रे?’ डॉक्टर आले तरी, दूधवाला आला तरी. मी म्हणायचे, नाही बाबा, मी आहे. येऊन गेलेल्या माणसाची कोणी अशी वाट बघत नाही. मला सगळं माहीत होतं, फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. हे खोटं आहे, काका. तुम्ही आला नव्हतात.”